लिनक्स, बारसं आन् परवानगी

...आन् वरून म्हणतंय काय, तर परवानगी न्हाई! आता बोला! घर माझं, टेबल माझं, लाईटबिल मी भरतो, खुर्चीवर मी बसलोय, आन् त्यो समोरचा डबा मलाच म्हणतो, परवानगी न्हाई! इंग्रजीत म्हणतो, पर्मिशन डिनाइड. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून उभी नोकरी काढली म्या, तेवढं इंग्रजी कळतं मला. नसतं कळलं तर बरं झालं असतं. आदबीनं कायतरी इचारतोय बिचारा, असं समजून गप बसलो असतो.

तुमाला सांगतो, सारी करणी आमच्या तानाजीची. तानाजी म्हणजे पोरगा माझा, पुण्याला असतो, कॉम्प्युटरमधीच काम. दिवाळीला आला, त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर मांडला आन् म्हणला (आता पुण्याचं बोलतो बरं का, 'आहे' आन् 'नाही' लावून), "आबा, यावर लिनक्स टाकून दिलंय. फुकट आहे, व्हायरस येत नाही, एकदम सुरक्षित!" लई सुरक्षित हाय बाबा! इतकं सुरक्षित, इतकं सुरक्षित, की व्हायरस तर सोडाच, मला सुदिक आत येऊ देत न्हाई!

आन् डबा ठेवून गेला, पर जाताना आईला घेऊन गेला. सुनेचं, मंजुषाचं दिवस भरत आलते ना. "आबा, दोन महिन्यांसाठी नेतो आईला." न्या म्हणलं. आता लिंबाची पानं झडून नवी फुटली, तरी आमची सत्यशीला तिकडंच. नात झाली, लई आनंद झाला, खोटं कावून बोलू? पर भाकरी थापायला बसलो की तव्यावर एकच भाकरी पडती हो. दुसरी टाकायला हात जातो आन् माघारी येतो.

बरं, गल्लीत जावं तर गल्लीत कोण हाय? आमच्या चकलांब्यात दिवाळी सरली की ज्याच्या त्याच्या हातात कोयता, नवरा-बायको, लेकरंबाळं, समदे गाडीत बसून ऊसतोडीला, कारखान्यावर. जाताना जो तो चावी माझ्याकडं देतो. "त्रिंबकभाऊ, जरा ध्यान ठेवा घरावर." ही बघा खुंटी. बघा कसा झुबका लटकलाय! म्हणजे गल्लीतल्या कुणाच्या बी घरात मी जाऊ शकतो, कणगीपातुर, देव्हाऱ्यापातुर, आन् माझ्याच घरातल्या माझ्याच डब्यात? परवानगी न्हाई!

राहिलं कोण, तर चार म्हातारी माणसं आन् समोरची चंद्रभागाबाई. ती बहिरी न्हाई बरं का, तिला ऐकायचं नसतं. दिवसातून एकदा ओट्यावरून वरडती, "जेवलास का रं?" मी म्हणतो, जेवलो. झालं, संपलं दिवसभराचं बोलणं. आज तुमी बसलात म्हणून एवढं तरी तोंड उघडलं... उठू नका, उठू नका, चा टाकतो. दूध न्हाई, काळा चालंल ना?

हां, तर तानाजीचा फोन आला. "आबा, लांबलेलं बारसं रविवारी ठरवलंय. तुम्ही कशाला एवढी दगदग करता? फ्लॅट छोटा आहे, मंजुषाच्या माहेरचे सगळे येणारेत. तुम्ही घरबसल्या व्हिडिओवर बघा, कसं मोठ्ठं दिसेल!" मी म्हणलं, हौ हौ, आन् मला कुठं येणं व्हतंय बाबा, गल्लीच्या चाव्या हायत माझ्याकडं! म्हणलं खरं... पर लागलं मनाला. आजोबाला बारशाला 'येऊ नका' म्हणून बोलवायचं, ही कुठली रीत? जाऊ द्या. म्हणलं, नातीचं तोंड दिसल्याशी काम. मला बाकी काई नको.

आता माझा फोन बटनाचा, त्यात तोंड दिसत न्हाई, म्हणून कॉम्प्युटरमधी त्यो व्हिडिओचा प्रोग्राम टाकायचा. टाकायचा म्हणजे काय, फाईल उतरवायची आन् दाबायची. उतरवली. दाबली. परवानगी न्हाई! कावून बे? आणली कुणी? म्या! नेट कुणाचं? माझं! मंग दुकानातनं गूळ मी आणायचा आन् खायला मलाच बंदी? तानाजीला फोन लावला, तर त्यो दबक्या आवाजात, "आबा, मीटिंगमध्ये आहे... त्या फाईललाच चालायची परवानगी नाही, ती तुम्ही द्यायची, उजवं बटन दाबा, खूण करा." म्हणजे बघा, मला परवानगी न्हाई, कावून, तर फाईलला न्हाई, आन् फाईलला देणार कोण, तर मीच! मंग आधी सांगायचं की! केली खूण. म्हणलं, चाल बाई. चालली!

चालली, आन् चालल्या चालल्या पयला सवाल. कुणासाठी टाकू? फक्त तुमच्यासाठी, का साऱ्यांसाठी? आता तुमीच सांगा, ह्याला काय उत्तर द्यावं माणसानं? त्या चार म्हाताऱ्यांना मी घरोघर जाऊन सांगून आलेलो, रविवारी या, नातीचं बारसं बघा. आन् मी दाबू काय, फक्त माझ्यासाठी? ज्याच्या खुंटीला साऱ्या गल्लीच्या चाव्या, त्यो म्हणंल फक्त माझ्यासाठी? तोंड दाखवायला जागा उरंल का? साऱ्यांसाठी दाबलं. चांगलं मोठ्या मनानं दाबलं. डबा म्हणतो, परवानगी न्हाई!

पुन्यांदा फोन. "अहो आबा, 'फक्त तुमच्यासाठी'च दाबायचं होतं! ते तुमच्या होममध्ये जातं, तिथं कुणाला विचारावं लागत नाही. सगळ्यांसाठी म्हटलं की सिस्टिममध्ये जातं, तिथला मालक रूट असतो!" मी म्हणलं, कोण असतो? "रूट." कुठला हाय? "आबा, माणूस नाही तो!" म्हणजे माझ्या घरात कुणीतरी राहतंय, मी त्याला बघितला न्हाई, त्यो माझ्यासंगं चा प्यायला न्हाई, आन् मालक त्यो! आन् मी कोण? मी म्हणं युजर! म्हणलं, बरं, हाय तर हाय, त्याच्या हातापाया पडायची काय रीत हाय ती सांग. तर आधी सुडो लिहायचं आन् मंग पासवर्ड. पासवर्ड टाकतोय, टाकतोय, पडद्यावर काईच उमटंना! एक टिंब न्हाई! "आबा, दिसत नसतं, पण आत जातं." चंद्रभागाबाईशी बोलल्यागतच हाय की हे! पर गेलं बघा आत. बसला प्रोग्राम. त्या दिवशी मी एकटाच हसलो, मोठ्यानं, घरात. किती तरी दिसांनी आवाज झाला घरात.

रविवार उजाडला. म्या दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, मागं भिंतीला सत्यशीलाची नवी चादर लावली, म्हणजे तिकडच्या पाव्हण्यांना पोपडे दिसायला नको. चार म्हातारी आली, चंद्रभागाबाई आली, तिनं हातानं शिवलेलं टोपडं आणलेलं, गोधडीच्या तुकड्याचं, बाळाला दाखवायला. प्रोग्राम उघडला. म्हणतो, कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी न्हाई! आता? तानाजीला फोन लावतोय, लावतोय, उचलंना. त्याच्या लेकीचं बारसं, त्यो कशाला उचलंल? सत्यशीला उचलंना. मागं म्हातारी माणसं, "त्रिंबका, चालू झालं का?" होतंय म्हणलं, होतंय. घाम फुटला मला!

मंग इंटरनेटवर हुडकलं. कुण्या भल्या माणसानं लिहून ठिवलेलं, सारखं परवानगी न्हाई म्हणतंय ना, मंग सात-सात-सात द्या आन् मोकळे व्हा. पयला सात मालकाला, दुसरा सात टोळीला, तिसरा सात परक्याला. समद्यांना समदं! मला लई पटलं हो ते. ह्याच्यात भांडणच न्हाई! आन् म्हणलं, एका कॅमेऱ्याला कशाला, उद्या दुसरं कुणी अडंल, समद्या कॉम्प्युटरलाच द्यावं. त्याला एक तिरकी रेघ लिहायची असती, त्या रेघेत म्हणं सारा कॉम्प्युटर येतो. लिहिली रेघ. दाबलं. कुणाला 'न्हाई' म्हणायचं कामच उरलं न्हाई, असा जीव हलका झाला माझा!

आन् तुमाला सांगतो, त्यानंतर त्यो सुडोच बिघडला! परवानगी मागायला गेलो तर म्हणतो, माझ्याच कागदपत्रांत गडबड झाली, मला आता कुणाला परवानगी द्यायची परवानगी न्हाई! बंद करून चालू केला. काळा पडदा. कोपऱ्यात एक बारकी रेघ, लुकलुक, लुकलुक. व्हायरसनं केला नसता एवढा सत्यानाश म्या एकट्यानं केला, तोबी साऱ्यांच्या भल्यासाठी! माणसं थोडा वेळ बसली, मंग एकेक करून उठली. चंद्रभागाबाई तेवढी हालंना. त्या काळ्या पडद्यासमोर टोपडं धरून म्हणती, "बघ गं माय, आवडलं का?" मला काय सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हणलं, आवडलं म्हणती.

मंग फोन वाजला. बटनाचा. सत्यशीला. मागं नुसता गलका, बायका हसतायत, कुणीतरी 'कुर्रर्र' करतंय. "अवो, दिसलं का समदं? कशी हाय नात?" मी म्हणलं, दिसलं की. तुझ्यावर गेलीय. "काईतरीच! नाक तुमचं हाय! आन् नाव आवडलं का, रेवा?" आवडलं म्हणलं. "जेवलात का?" जेवलो म्हणलं. अन् तुमाला सांगतो, काय झालं मला काय ठावं, इतक्या दिसांत जे तोंडातनं निघालं न्हाई ते निघालं. म्हणलं, अगं, मी येऊ का तिकडं? एक-दोन दिस? बघतो तिला अन् येतो लगेच, कोपऱ्यात निजंन कुठंबी.

तिकडं दार लोटल्याचा आवाज आला, गलका कमी झाला. मंग हळूच म्हणली, "थांबा हं... तानाजीला इचारून सांगते."

गेल्या रविवारची गोष्ट ही. अजून इचारतीच हाय.

त्या लिनक्सला कायबी म्हणा, पर एक गुण मानला बघा त्याचा. न्हाई तर न्हाई, तिथल्या तिथं तोंडावर सांगून मोकळा होतो... माणसाला वाट बघत बसवत न्हाई!