असोद्याच्या फियाटचा रविवारचा आवाज

जळगाव तालुका पोलीस ठाणे, दि. २१ जानेवारी २०२५

मी नवल गिरधर झोपे, वय २६ वर्षे, शिक्षण आठवी नापास, धंदा नोकरी (कारखान्यात रंगकाम), राहणार असोदा, ता. जि. जळगाव, सध्या राहणार होसूर, तामिळनाडू. समक्ष हजर राहून सांगतो की, ती गाडी भंगार नव्हती. माझा मोठा भाऊ भूपेंद्र याने काल दिलेल्या जबाबात तीन ठिकाणी भंगार असं लिहिलं आहे. ते तो पहिल्यापासून म्हणतो. मला मान्य नाही.

गाडी १९६४ सालची फियाट, रंग आकाशी, गिअर स्टिअरिंगला. चार वर्षांपूर्वी मी ती धुळ्याहून ट्रॅक्टरच्या मागे बांधून आणली. तेव्हा तिला खालचा पत्रा नव्हता. शेतातल्या केळीच्या शेडमध्ये उभी केली. मी सुट्टीत यायचो तेवढंच काम व्हायचं. दारं उतरवून रंग मी स्वतः मारला. दिव्यांच्या रिंगा बेंगळुरूच्या जुन्या बाजारात तीन रविवार फिरून मिळवल्या. त्यांचा काही उपयोग नव्हता, गाडी त्याशिवायही चालत होती. मला पाहिजे होत्या.

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेला ती पहिल्यांदा रस्त्यावर काढली. मायला, म्हणजे आई धुरपदाबाई हिला, पुढं बसवून वरणगावला मामाकडे गेलो. माय सगळ्या रस्त्यात हँडल फिरवून काच खाली-वर करत होती. मामा म्हणाले, "धुरपदे, काच तोडशीन त्याची." ती म्हणाली, "माह्या लेकाची हाय, तोडीन."

जुनं इंजिन बंद ठेवलं की धरतं, म्हणजे जाम होतं, म्हणून आठवड्यातून एकदा चालू करावं लागतं. ते भूपेंद्रला सांगितलं होतं. माझी शिफ्ट असल्याने मी फक्त रविवारी फोन करायचो. भूपेंद्र शेडमध्ये फोन बॉनेटजवळ धरायचा आणि मी होसूरला खोलीत ऐकायचो. खोलीत आम्ही सहा जण आहोत. मराठी कोणाला येत नाही. आवाज चालू असताना ती पोरंही ऐकत बसायची. मागून मायचं बोलणं यायचं, "आयकू येतं का रे नवल? जेवला का?" मी म्हणायचो, "जेवलो." ती म्हणायची, "बरं झालं, पोटभर खात जाय." मग फोन कट व्हायचा. गणपतीपासून दर रविवारी असंच चाललं होतं. नेटवर्क खराब असेल म्हणून जास्त बोलणं होत नाही, असं मी धरून चाललो.

दि. १२ जानेवारीला मला ताप होता. मायने विचारलं, जेवला का. मी म्हणालो, "नाही जेवलो माय, दोन दिवस झाले." ती म्हणाली, "बरं झालं, पोटभर खात जाय."

मी परत हाक मारली. फोन कट झाला.

ताप उतरल्यावर रजा टाकून निघालो. काल भुसावळला उतरून सरळ शेडवर गेलो. गाडीच्या जागी केळी धुवायचे हौद बांधलेले दिसले. घरी न जाता इथे येऊन चोरीची तक्रार दिली. भूपेंद्रला बोलावलं. त्याने सांगितलं की शेड व्यापाऱ्याला भाड्याने दिलं आणि गाडी ऑगस्टमध्येच विकली. विकण्याआधी एका रविवारी मोबाइलमध्ये इंजिनचा आवाज भरून ठेवला होता, त्यात मायचं बोलणंही आलं होतं, तोच दर वेळी लावायचा. मी विचारलं, "मायले माहीत होतं?" तो म्हणाला, "तिनंच सांगलं, त्याले कळू देऊ नको, तिकडं एकटा हाय. पण तिच्यानं खोटं बोलवत नाही, म्हणून ती फोनवर येत नव्हती. आता तू मले फाशी दे." मग म्हणाला, "वर्षातून आठ दिवस येतो तू. बाकीचे दिवस गाडीजवळ कोण होतं, मायजवळ कोण होतं?"

आर. टी. ओ. पासिंगला मला रजा मिळाली नव्हती, म्हणून कागद भूपेंद्रच्या नावावर केले होते. त्यामुळे ही चोरी होत नाही, असं हवालदार साहेबांनी समजावून सांगितलं. ते मला समजलं. तक्रार मागे घेतो.

गाडी धुळ्याला अभिमन नावाच्या भंगारवाल्याकडे आहे. इथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, "उभी शे भाऊ, कापी नही. पन मना पैसा अडकेल शेतस." म्हणजे गाडी कापलेली नाही, पण त्याचे पैसे अडकले आहेत, शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला. माझ्याकडचे बावीस हजार त्याला आता पाठवले. राहिलेले पुढच्या पगारावर देईन, ते त्याने कबूल केलं, तोपर्यंत गाडी त्याच्याच आवारात राहील.

हा मजकूर हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, मी बोललो तेच यात आहे. त्यांनी विचारलं, असोदा रिक्षाने वीस मिनिटं, आईला तोंड दाखवून जातो का. मी नाही म्हणालो, रात्रीची गाडी आहे. सहीच्या आधी एवढं वाढवायला सांगितलं की, भूपेंद्रवर काही कारवाई करू नये, आणि घरी दर महिन्याला सहा हजार टाकतो ते या वेळी जमत नाही, म्हणून मायच्या खात्यावर इथून पंधराशे रुपये पाठवत आहे.