अण्णांची झांज

...आणि वर लोक मलाच विचारतात, काय रे अभय, एवढं कॉम्प्युटरमधलं कळतं तुला, मग असं कसं केलंस? अहो, कळतं म्हणूनच केलं! न कळणाऱ्याच्या हातून एवढं नुकसान होतं का? हौस हो, दुसरं काय.

तुम्हाला सांगतो, ही हौसच वाईट. ऑफिसात दिवसभर कोड लिहायचा आणि लालबागला घरी येऊन पुन्हा तेच. चाळीत पाणी कधी येणार ते सांगणारं ॲप बनवलं मी, फुकट, मराठीत, अक्षरंसुद्धा स्वतः बसून घोटलेली... कोणी उघडलं? सगळे आपले नळाकडे बघतात.

तर ती कॅसेट. आमचे अण्णा, दत्ताराम परब, आधी गिरणीत आणि उरलेला सगळा वेळ भजनी मंडळात. गायचे बुधाजीबुवा. अण्णा मागे बसून झांज वाजवायचे. चाळीस वर्षं, नुसती झांज! गेल्या मार्गशीर्षात अण्णा गेले, आणि आई म्हणाली, जुन्या गणपतीतल्या भजनाची कॅसेट आहे ना, तेवढी ऐकायचीय. अण्णांचा बोलतानाचा आवाज कुठेच नाही हो, फोनमध्येही नाही, ते बोलायचेच कुठे! जे काय उरलं होतं ते त्या कॅसेटमध्ये.

आता सरळ माणूस काय करेल? कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणेल, ऐकवेल, चहा पिईल. मी? चोरबाजारातून डेक आणला, उघडला, पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फीत ताणून घेतली... एकदा वाजली. एकदाच! कॉम्प्युटरवर उतरवली आणि शेवटच्या गजराला डेकने फीत अशी गिळली की बाहेर निघाल्या त्या शेवया. म्हटलं असू दे, फाईल आहे ना. पण फाईलमध्ये खरखर. आईला काय खरखर ऐकवायची? छे! आवाज साफ करणारं नवं सॉफ्टवेअर होतं माझ्याकडे, एआयवालं. दाबलं बटण. बुवा असे स्वच्छ, जणू आमच्या पलंगावर बसून गातायत. मी खूश... इतका खूश, की खरखरीची फाईल कशाला ठेवा म्हणून तीही कायमची उडवली. हौस हो, दुसरं काय!

आईने हेडफोन लावला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "सगळे बरे गातत. पण ह्यांची झांज खंय?"

मी ऐकलं. पेटी आहे, पखवाज आहे, मागचे कोरसवाले आहेत. झांज नाही. सॉफ्टवेअरने खरखरीबरोबर तीही काढून टाकली. त्याच्या लेखी अण्णा म्हणजे खरखर. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू? आईला म्हटलं, अगं, मशीनला तो नुसता गोंगाट वाटला. आई म्हणाली, "माका पण चाळीस वर्सां तसांच वाटायचां."

आता दर रविवारी दुपारी, जेवून सगळी चाळ आडवी झाली की आई खुंटीवरची झांज काढते, मला फाईल लावायला सांगते आणि बुवांच्या मागे वाजवत बसते. ताल? तालाचं नाव काढू नका. गेल्या रविवारी शेजारचा राजेश दारात, डोळे चोळत, अरे अभय, तुला तर यातलं सगळं कळतं, जरा आवाज कमी करता येईल का?

म्हटलं, राजेश, कमी करता येत नाही रे मला. पुसता येतो फक्त.