कडूबाच्या वाट्याचा डबा

न्हाई, वरून न्हाई उघडत ते, पोटाखालून उघडतं — आडवं कर, बकरी कापायला निजवतेत तसं — हां, आता ती फळी सरकव. हळू. खिळे हायेत तिथं. कामून हासून राह्यलास? खिळे मीच ठोकले. भाचा म्हणला व्हता, मामा, हे डिंकानं चिटकवायचं असतं, खिळा मारायचा नसतो. म्हणलं बाबा, जायकवाडीच्या धरणाला सेंटरिंगच्या फळ्या ठोकण्यात माही हयात गेली, खिळ्याबिगर उभं राह्यलेलं एक लाकूड मला दाखव. भाचा विमान दलात हाय, तिथं विमानं धुतो का पुसतो तेलाच ठाऊक, पण खिळ्यातलं तेला काही कळत न्हाई. तर चांदपाशा, तू वाटूरचा रेडिओवाला, तुहा हात लागला की मेलेला रेडिओ बी खाकरतो म्हणतेत, म्हणून तुला निरोप धाडला. बिमारी सोपी हाय — ह्या विमानाचं शेपूट हालून न्हाई राह्यलं. बघ, कसं एका अंगाला वाकडं होऊन बसलंय, मानेला लचक भरल्यागत. बाजाराच्या आदल्या दिशी झालं, तवापासून तसंच. सेल नवे टाकले, फुंकून पाह्यलं, टपली मारून पाह्यली. — पिशवीत काय शोधून राह्यलास? पेचकस? हा घे, माहा घे. पिशवी राहू दे. चहा येऊन राह्यला.

हे दावं सोडू नको. मेढीला बांधलेलंच राहू दे. भाचा बी हेच इचारत व्हता — मामा, विमानाला दावं कामून? अरे, पंखवाली चीज हाय, उद्या सुटली आन वाटूरच्या रस्त्यावर ट्रकाखाली गेली तर कोण आणून देणार? वासराला बांधतेत, कोंबडीला डालतेत, आन हे तर विलायती जनावर. उडालं का म्हणतोस? उडंल कसं, तूच सांग. विमानाच्या खोक्यात जे लाकूड आल्तं ना, ते लाकूडच नव्हतं — पापड व्हता. हातात घेतलं तर हाताला कळंना, काही घेतलंय म्हणून. नख लावलं की खड्डा. म्हणलं विलायतवाल्यांनी फसवलं, किडकं धाडलं. निम्मं फेकलं, तिथं बाभूळ घातली. मजबूत. ह्या पंखावर तू उभा राहा, काही व्हायचं न्हाई — न्हाई, खरंच राहून बघ — बरं, नको राहू. पंख बी एक न्हाई, एकावर एक दोन, माळवदावर माळवद चढवल्यागत. तेला लावायचा पातळ कागद व्हता, तो बकरीनं खाल्ला. खळ लावून वाळत घातला व्हता, तिला काय, तिला भाकरीच वाटली. मंग साळूबाईचं जुनं लुगडं ताणून बसवलं. साळूबाई माही बायको — ती अजून इचारते, माहं लुगडं उडंल कवा. आन इंजिन — एवढंसं, कोंबडीच्या काळजाएवढं — तेला म्हणे स्पिरिट आन एरंडेल एकत्र करून पाजावं लागतं. म्हणलं दारू पिऊन वरून एरंडेल घेणारं जनावर आभाळात जाईल का झाडामागं जाईल? नको. इंजिन फडक्यात गुंडाळून उतरंडीत ठेवलंय. उडायसाठी न्हाईच हे. मंग कशासाठी हाय म्हणतोस? तू शेपूट बघ. तू फक्त शेपटाचं बघ.

अरे बाबा, सगळं सांगितल्याबिगर तुला बिमारी कळायची न्हाई. ह्या भिंतीपलीकडं कडूबा राहतो, माहा धाकटा भाऊ. सख्खा. आमची वाटणी झाली तवा वावर बराबर झालं, घर मधी भिंत घालून बराबर झालं, राह्यलं मायचं जातं. तो म्हणला माह्या घरी राहील, मी म्हणलो माह्या. शेवटी वरचा दगड तेनं नेला, खालचा मी ठेवला. हासू नको. तवापासून दोन्ही घरं पीठ गिरणीतून आणून राह्यले. आन तो दगड उचलताना तेनं शपथ घेतली, बापाचं नाव घेऊन, का ह्या माणसाशी तोंडातून शब्द काढणार न्हाई. न्हाई काढला. माही कंबर मोडली, न्हाई काढला. तेची बायको गेली, मी तिरडीला खांदा दिला, खांद्याला खांदा लावून चाललो, न्हाई काढला. घोरपड हाय. — मी कामून बोललो न्हाई? मी थोरला. थोरला आधी बोलतो व्हय?

मंग मागल्या उन्हाळ्यात वसंता सुट्टीवर आला — तोच भाचा — आमची बहीण पुष्पाबाई तीर्थपुरीला दिलेली, तिचा पोरगा. हे खोकं घेऊन आला. तेचा कोणी साहेब नोकरी सोडून परदेशी चालला व्हता, तेनं दिलं म्हणे. वसंता म्हणला, दोघा मामांत मिळून एक, दोघांनी बसून करा. चतुर पोरगं. तेला वाटलं दोन म्हातारे मांडीला मांडी लावून लाकडं चिटकवत बसतील. कडूबानं नुसता हात केला — असा, उभा, कापल्यागत — म्हणजे वाटे पाड. आन आपली रीत काय? थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. मी पाडले. एका अंगाला सगळी लाकडं, कागद, चाकं, इंजिन, पोटातली पेटी — हा ढीग. दुसऱ्या अंगाला एकटा डबा, दोन दांड्या आन उभी तार असलेला. मला डबाच पाहिजे व्हता, काय चमकत व्हता उन्हात. म्हणलं कडूबा हावरा, ढिगावर झडप घालंल. तेनं ढिगाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं, आन डबा काखेत मारून घरी गेला. वसंता डोक्याला हात लावून बसला. म्हणला मामा, ही चीज अशी वाटून चालत न्हाई. म्हणलं जातं बी चालत न्हाई, तरी वाटलं ना. — आता पुन्हा पिशवी कामून उघडून राह्यलास? बस ना. जल्दी कशाची, वाटूरची गाडी संध्याकाळच्याला हाय. दूध आणायला गेलीय साळूबाई.

तर जनावर माह्याकडं आन लगाम तेच्याकडं. वसंतानं सुट्टी संपायच्या आत पोटात पेटी बसवून दिली, शेपटाला तारा जोडल्या, पलीकडं जाऊन, डब्याची दांडी हालवली का इकडं शेपूट कसं हालतं ते कडूबाला दाखवलं, आन गेला ड्यूटीवर. मंग एक दिवस सकाळी चहा पिताना मी विमानाशी बोलून राह्यलो व्हतो. माणसानं कुणाशी तरी बोलावं ना. म्हणलं, विमाना, पलीकडचा माणूस लई नालायक हाय बघ. आन शेपूट फटकन भिंतीकडं गेलं. मधी आलं. पुन्हा भिंतीकडं. माह्या हातातला चहा सांडला. कडूबा ऐकून राह्यला व्हता, लबाड, भिंतीला टेकून. म्हणलं, न्हाई म्हणतो व्हय? बरं, मायनं तुलाच जास्त तूप घातलं का न्हाई, ते सांग. मंग शेपूट सावकाश ह्या अंगणातल्या लिंबाकडं गेलं आन मधी आलं. तर लिंबाकडं म्हणजे हो, भिंतीकडं म्हणजे न्हाई. कुणी ठरवलं न्हाई, ठरलं. आन शपथ काय व्हती? तोंडातून शब्द काढणार न्हाई. शेपटातून काढला तर शपथ कुठं मोडली? मी बी काही तेच्याशी बोलत नव्हतो, मी विमानाशी बोलत व्हतो. बराबर का न्हाई? मंग रोजचंच झालं ते. आज पाऊस पडंल का — भिंतीकडं. कपाशीवर फवारू का — लिंबाकडं. बाभळीचं लाकूड जड झालं का — लिंबाकडं, लिंबाकडं, लिंबाकडं, थांबंचना, शेवटी मी शेपूट मुठीत धरलं. येणारे-जाणारे म्हणायचे तातेरावाला वारं लागलं, विमानाशी भांडतो. भांडतो तर भांडतो. ह्या वयात भांडायला माणूस मिळणं सोपं व्हय?

मंग बिघडलं कवा? सांगितलं ना, बाजाराच्या आदल्या दिशी, सकाळी. तसं काही झालं न्हाई. काही बोललो न्हाई मी. — बरं, बोललो. माह्या नातीचं, बेबीनंदाचं, लगीन ठरलं. लगीन आमच्या पद्धतीनं, बुद्धवंदना घेऊन, त्यात काही झंझट न्हाई. पण बायांचं आपलं एक असतं, हळद घरच्या जात्यावर दळली पाहिजे. साळूबाई म्हणली, गिरणीची हळद लावून पोर धाडू व्हय? म्हणून मी म्हणलं — विमानाला म्हणलं — कडूबाचा वरचा दगड आन माहा खालचा, लग्नापुरते एका जागी ठेवावे. आन तिथंच थांबायचं ना माणसानं. न्हाई थांबलो. म्हणलं, लग्नापुरतेच कामून, पुढं बी राहू द्यावेत. लई दिवस झाले, म्हणलं. आवाज जरा — खोकला व्हता मला त्या दिशी. आन पाशा, हे शेपूट कडकन एका अंगाला गेलं आन तिथंच राह्यलं. हो असो, न्हाई असो, रोज ते जातं आन मधी येतं; हे आलंच न्हाई. पलीकडं काहीतरी मोडल्यागत वाजलं, दार आपटलं. तवापासून चिडीचूप. अडेल बैल पाठ फिरवून बसतो ना, तशी पाठ फिरवली तेनं. आन तू म्हणून राह्यलास पेटी बिलकुल चांगली, सेल चांगले, तारा चांगल्या. असतील चांगल्या. तरी खोल. पुन्हा बघ. बिघाड काढ. तुला समजून राह्यलं का, पाशा — ह्याच्यात बिघाड निघायलाच पाहिजे.

काय हाय त्या पिशवीत एकदाचं? काढ. काढ म्हणतो ना. — हा तर डबा. कडूबाचा डबा. तुह्याकडं कसा? बाजाराच्या दिशी दुकानावर आणून दिला? आन मघापासून बोलला कामून न्हाईस? मी बोलू दिलं न्हाई. बरं. न्हाई दिलं. इकडं आण. ही दांडी — बुडातून मोडलीय ही. पाडला व्हता का तेनं? न्हाई. मंग? नुसती दाबली? पोलादाची दांडी आन नुसती दाबून मोडली? काय म्हणला तो? काही म्हणला न्हाई, तुकडा लावून दाखवला, अशी दाबली म्हणून. अशी म्हणजे कशी? मला लावून दाखव. — ह्या अंगाला. ह्या अंगाला दांडी गेली तर शेपूट कुणीकडं जातं? बोटानं दाखव, बोलू नको. —

हां.

लिंबाकडं. — बघ ना, लिंबाकडंच हाय ते. बाजाराच्या आदल्या दिवसापासून लिंबाकडंच हाय, माह्या डोळ्यासमोर, आन मी तेला टपल्या मारून राह्यलो.

हो म्हणायला एवढा जोर कशाला लावावा माणसानं. गाढव. ल्हानपणापासून असाच, हातात चीज टिकत न्हाई तेच्या. मायचा आरसा बी तेनंच फोडला व्हता.

नवी दांडी मुंबईहून मागवावी लागंल म्हणतोस? नको मागवू. बिलकुल नको. हा डबा पिशवीत टाक, वाटूरला घेऊन जा, आन लगीन होऊस्तोर आणू नको — मागून बी घाई करू नको. डबा न्हाई म्हणल्यावर कडूबा काय करतो ते मला बघायचंय. उठ आता. चहा? साळूबाई आली तर आली, न्हाई तर फाट्यावर पी. मी कुठं निघालो? पलीकडं. बोलायला न्हाई, मी कामून बोलू, थोरला हाय मी. तो वरचा दगड तेला एकट्याला उचलवत न्हाई आता, इतकंच. उठ, उठ. आन जाता जाता ते विमान सावलीला सरकव. शेपटाला हात लावू नको.