पाचवी खेप

(सकाळ. रक्तपेढी.)

सुवर्णा : नाही हिरामणभाऊ, तुमच्या प्लेटलेट घेऊन उपयोग नाही. परवा तुमच्या आग्रहाखातर घेतल्या, त्याचं काय झालं? चढवायच्या आधी नवसाआईंचा आकडा सहा हजार. चढवल्यावर तासाभराने मोजलं, तर सहाच हजार.

हिरामण : मग धाकट्या बारकूच्या घ्या. बाहेर उभाय तो.

सुवर्णा : बारकूच्या मागेच घेतल्या. तेच झालं. बाहेरच्या अकरा जणांच्या दिल्या, त्याही टिकल्या नाहीत.

हिरामण : बाहेरच्यांचं सोडा मॅडम. ती आमची आई हाय. तिच्या पोटातनं आम्ही आलो, आन आमचंच तिला चालत नाय?

सुवर्णा : किती भावंडं तुम्ही?

हिरामण : सहा. दोन लहानपणीच गेली. ती धरली तर आठ.

सुवर्णा : मूल पोटात असतं तेव्हा त्यात निम्मं वडलांचं असतं. आईच्या अंगाला तेवढं परकं. एखादीचं शरीर ते ओळखून ठेवतं. तुमच्या आईंचं तसं झालंय. आता तुमच्या प्लेटलेट आत गेल्या की शरीर त्यांना शत्रू समजतं आणि मारून टाकतं.

हिरामण : म्हंजे आमच्याच पायी.

सुवर्णा : असं कुणी म्हटलं? तुम्ही काय केलंत त्यात? उलट, मागच्या महिन्यात मुंबईहून तपासणी आली त्यात एक नाव तरी जुळलं. देवराममामांचं नाही जुळलं, सुलामावशींचं जुळलं.

हिरामण : सव्वा महिन्यात चार येळा आली ती. आता पाचव्यांदा कोणत्या तोंडानं सांगू?

सुवर्णा : मी सांगितलंय. काल त्यांच्या गावात किराणा दुकानात फोन केला. सकाळच्या गाडीने निघाल्यात.

हिरामण : काय म्हणली?

सुवर्णा : काहीच नाही. 'बरं' म्हणाल्या.

सुलाबाई : मंग काय म्हणायचं होतं? सरक जरा हिरामण. सटाण्यापासून उभ्यानं आली मी.

हिरामण : बस मावशी, बस. चहा आणू?

सुलाबाई : आधी सुई, मंग चहा. कोणता हात देऊ, बाई? डाव्याचं निळं अजून गेलं नाय.

सुवर्णा : उजवा द्या. काही खाल्लंत?

सुलाबाई : भाकर खाल्ली. मिरचीसंगं.

सुवर्णा : आधी बोटातून थेंब घेते. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली गेलं तर डॉक्टर सुई लावू देणार नाहीत... बारा पॉइंट सहा. जेमतेम आहे मावशी. आजच्यानंतर आठ-दहा दिवस तरी तुम्हाला बोलावणार नाही.

सुलाबाई : मालक बी तेच म्हणला. तुझं अंग काय विहीर शे का, दर आठ दिवसांनी उपसायला?

हिरामण : काका रागावले?

सुलाबाई : रागावला असता तर बरं झालं असतं. थकलाय. कांदा काढायला आलाय, बाया मिळत नाय, आन मी हितं आडवी. बाई, तोंडाला मुंग्या आल्या का सांगू ना?

सुवर्णा : लगेच सांगा. कॅल्शियमची गोळी देते. रक्त यंत्रातून फिरून परत यायला दीड तास लागेल, हात हलवू नका.

सुलाबाई : ठावं हाय आता. पण मघा दारातनं ऐकलं मी. पोरांचं तिला चालत नाय ते.

सुवर्णा : हो.

सुलाबाई : मंग मला लेकरू नाय, म्हणून माझं चालतंय का?

सुवर्णा : नाही मावशी. तुम्ही दोघी एका आईबापाच्या, म्हणून जुळलं. चार भावंडांत एखाद्याचं जुळतं. तुम्हाला पाच मुलं असती तरी तुमच्या प्लेटलेट बहिणीला चालल्याच असत्या.

सुलाबाई : असं व्हय.

सुवर्णा : का हो?

सुलाबाई : काय नाय. दारातनं ऐकल्यापासनं इचार करत होती. म्हणलं, आपलं नसणं बी कुठंतरी कामाला आलं असंल.

हिरामण : मावशी, माझ्या पोराच्या बारशाला...

सुलाबाई : आता नको. हात हलतो.

(संध्याकाळ. रक्तपेढीबाहेरचा बाक.)

सुवर्णा : एकतीस हजार! हिरामणभाऊ, आत्ताच वरून कळलं. टिकल्या.

हिरामण : हिरड्यांचं रगत बी थांबलंय. दुपारी चूळ भरली, पाणी पांढरं आलं. आम्ही समदे त्या पाण्याकडं बघत बसलो.

सुलाबाई : किती दिवस पुरंल हे?

सुवर्णा : तीन-चार दिवस. आईंच्या रक्ताच्या आजाराचं औषध लागू पडायला अजून दोन महिने तरी लागतील. तोवर तुमच्यासारखं जुळणारं आणखी कुणी मिळतंय का, ते मी बघते आहे. दात्यांच्या यादीतली साठ नावं अजून तपासायची आहेत.

सुलाबाई : नाय मिळालं तर?

सुवर्णा : आठ-दहा दिवसांनी तुम्हालाच फोन करीन. खोटं कशाला सांगू?

सुलाबाई : बरं. साडेसहाची गाडी गावंल का मला?

हिरामण : मावशी, पाच येळा आलीस, एकदा बी वर वार्डात नाय गेलीस. खालच्या खाली परत जातेस.

सुलाबाई : माझं काम खालीच असतं.

हिरामण : बारशाच्या दिवशी आई तुला म्हणली, तू पाळण्याजवळ नको उभी राहू. मी तिथंच होतो. ऐकलं मी. धा वर्सं झाली, तोंड उघडलं नाय.

सुलाबाई : तू काय बोलणार होता? बायांत बसल्यावर तिला बी तसंच बोलावं लागलं असंल. मी नवं लुगडं नेसून गेली होती रे. सैपाकघरात बसून पोळ्या लाटल्या, आन त्याच लुगड्याला हात पुसले.

हिरामण : माफ कर म्हणायला बी लाज वाटते.

सुलाबाई : नको म्हणू. ऐकायचं बी अंगात त्राण नाय. नवसाआक्का काय म्हणली? शुद्धीत हाय ना?

हिरामण : हाय. मघाशी इचारलं तिनं.

सुलाबाई : काय?

हिरामण : सुली जेवली का?

सुलाबाई : एवढंच?

हिरामण : एवढंच. दोनदा इचारलं.

सुलाबाई : बाई, यानंतरची गाडी किती वाजता शे?

सुवर्णा : साडेआठला आहे एक.

सुलाबाई : जिने किती हायेत?

सुवर्णा : दोन मजले. लिफ्ट बंद आहे मावशी. सावकाश जा, चक्कर आली तर तिथेच बसा.

हिरामण : ऊठ मावशी. हात दे, मी धरतो.

सुलाबाई : ह्यो नको, सुईचा हाय. त्या अंगानं ये.