मोरपंखी साडी

गढा भागातल्या कुरियर ऑफिसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मैत्रिणी होत्या, ऑनलाइन विकलेल्या साड्यांची पाकिटं घेऊन.

“अंजनी, मोरपंखी साडी कुठं आहे?”

“घरी राहिली.”

“काहून? खमरियाच्या दीदीनं मोरपंखीच रंग मागितला होता ना?”

“तिले दुसरी पाठवून राहिली. मानली ती.”

“असा चालते का धंदा? अन् बाकीचे तर घडीचाच फोटो टाकतात. तू मले हरेक साडी नेसवते. हे गेल्यापासून मी रंगीत नेसत नाही, माहीत आहे ना तुले?”

“चेहरा कुठं दिसते तुझा? तो कापूनच टाकते ना मी.”

“मग मोरपंखीच काहून ठेवली?”

“तुझ्यासाठी. तिचा फोटो मले कापताच नाही आला, पुष्पा. त्यात तू हसून राहिली होती.”