जुन्या मापाचा ब्लाउज

अमेरिकेत, आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर, आश्लेषामावशींच्या शिवणाच्या दुकानात, माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या रेणूचे त्यांच्याशी झालेले हे बोलणे; माझा त्यात एकही शब्द नाही.

“मावशी, खरंच उद्या दुकान कायमचं बंद करताय?”

“हो गं. समोरच्या शोरूममध्ये सगळं रेडीमेड. उरलेल्या बायका इंडियाहून शिवून आणतात, माझ्याकडे फक्त उसवायला येतात!”

“एक लास्ट ब्लाउज शिवाल? आईच्या मापाचा.”

“वहीत आहे तिचं माप. दोन हजार दोनचा उन्हाळा, मग चारचा; दंडात अर्धा इंच उतरली होती. पण जुन्या मापावर मी शिवत नाही, ठाऊक आहे ना? तिलाच घेऊन ये.”

“आई मार्चमध्ये गेली, मावशी.”

“अगं बाई! मग घालणार कोण?”

“कोणीच नाही. गेल्या खेपेला माझ्याकडे आली, तेव्हा इथलीच साडी घेतली होती. ब्लाउज पुढच्या समरला शिवू, म्हणाली.”

“दे ते साडीतलं ब्लाउजचं कापड. परवा ये, एक दिवस दुकान उघडं ठेवते. शिवणीत कापड जास्त सोडू? तिला तसंच लागायचं.”

“सोडा, मावशी. पुढच्या खेपेला अंग भरलं, तर उसवता येईल.”