परत येणारी नस

...नाही नाही, उठू नको, बस. बस इथंच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच येते चक्कर — सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. आज मोठे सर्जन म्हणून मिरवतात ना, त्यातले कितीतरी जण ह्याच बाकावर गुडघ्यात डोकं घालून बसलेले पाहिलेत मी, नावं सांगितली तर भेटायचे बंद होतील. फॉर्मॅलिन आहे ते. आधी डोळ्यांत जाते, मग डोक्यात. पाणी पी, थोडं थोडं. हां. नाव काय म्हणालीस — सुरभी? वा. आईवडिलांनी सुगंध म्हणून नाव ठेवलं आणि नशिबानं आणून बसवलं डिसेक्शन हॉलच्या दारात. गाव? फुलसावंगी! महागावच्या पुढं. गेलतो मी एकदा, एका लग्नाला. वरातीत जनरेटर बंद पडला होता, एवढंच आठवते.

मी? मी कोणी नाही. डॉक्टर तर अजिबात नाही — हे पांढरे केस पाहून रोज दोघंचौघं नमस्कार करतात, मी घेऊन टाकतो, परत कुठं करत बसा. पुंडलिकराव म्हणतात मला. ह्याच विभागात क्लार्क होतो, सत्तावीस वर्षं, ती जाळीची खिडकी दिसते ना, तिच्यामागं. रिटायर होऊन आठ वर्षं झाली. मग आता इथं काहून? — सावली आहे म्हणून. बाक आहे म्हणून. घरी खुर्च्या आहेत चार, पण तीन रिकाम्या असल्या की चौथीवर बसवत नाही. ते जाऊ दे. वही दे पाहू तुझी. शब्दांनीच घाबरवलं ना तुला? प्रेतानं नसतं घाबरवलं एवढं, शब्द घाबरवतात. मराठी शाळेतून आलेल्या पोरांचं मी हेच पाहिलं.

हे बघ. सबक्लेव्हियन. तू काय करून राह्यली — अख्खा शब्द गिळून राह्यली, कडू गोळीसारखा. फोड ना त्याला. सब म्हणजे खाली. क्लेव्हिकल हे हाड, गळ्याखालचं, हात लावून पाहा. त्याच्या खालून जाते ती रक्तवाहिनी, सबक्लेव्हियन. संपलं! सुप्रा म्हणजे वर. इंटर म्हणजे मधे. अ‍ॅब म्हणजे दूर, अ‍ॅड म्हणजे कडे, जवळ — हात अंगापासून लांब नेतो तो अ‍ॅबडक्टर, छातीशी आणतो तो अ‍ॅडक्टर. सगळं लॅटिन. आपले संस्कृतातले उपसर्ग नाहीत का, प्र, परा, अप, सम — तसेच. मी नवीन होतो तेव्हा एका तक्त्यात सगळीकडे अ‍ॅबडक्टर टाइप करून ठेवलं. हेड मॅडमनी बोलावलं — म्हणाल्या, पुंडलिकराव, तुमच्या कागदावरचा माणूस कोणाला हात जोडू शकणार नाही. तेव्हापासून एकही शब्द मी फोडल्याशिवाय टाइप केला नाही.

कुठं शिकलो? गंमत आहे ती. ह्या नोकरीच्या आधी चार वर्षं मी पाद्र्यांच्या पाठशाळेत टायपिस्ट होतो. हो, मी — घरी सोवळ्यातले बाप, आणि पोरगा दिवसभर येशूची प्रवचनं टाइप करतो! वडील विचारत, काय लिहितात रे ते? मी म्हणायचो, मला काय माहीत, मी फक्त टाइप करतो. खोटं. सगळं माहीत होतं. केरळचे एक म्हातारे पाद्री होते, जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढं एक एक शब्द ठेवायचे. इंटरसेशन — इंटर, मधे. देव आणि माणूस यांच्या मधे पडून रदबदली करणं. अ‍ॅबसोल्यूशन — अ‍ॅब, दूर. पाप सोडवून दूर करणं. इनकार्नेशन — मांसात उतरणं, देवानं देह घेणं. मग इकडे आलो तर काय, तीच मंडळी! बरगड्यांच्या मधले स्नायू इंटरकोस्टल. तोच इंटर. तिकडे देवाकडे रदबदली करत होता, इकडे बरगड्यांत पडून आहे. मला वाटलं, बदली झालेले ओळखीचे कर्मचारी भेटले. देव आणि देह, दोघांचीही कारकुनी केलेला माणूस आहे मी, बाई. दोन्हीकडे पगार सारखाच तुटपुंजा.

आता एक सांगतो, ते लिहून घे, पुढं कामी येईल. रि म्हणजे परत. पाद्र्यांकडचा सगळ्यात मोठा शब्द कोणता? रिसरेक्शन. परत उठणं, मेलेल्यातून. आणि तुमच्याकडे आहे रिकरंट लॅरिंजियल — परत येणारी नस. हात झाला, छाती झाली की गळ्यात दिसेल तुला. आवाजाची नस आहे ती. खरं तर आवाज गळ्यात, डोकं वर, सरळ जायचं ना? नाही. ही बाई डोक्याकडून निघते, गळा ओलांडून खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते — ही डावीकडची; उजवीकडची अलीकडूनच वळते — आणि मग परत वर येते गळ्यात. तेव्हा कुठं माणूस बोलतो. मला फार आवडायची ही नस. घरी सुद्धा सांगितलं होतं, सत्यभामाला. माझी बायको. ती म्हणाली, एवढ्या लांबून येते म्हणूनच तुमच्या तोंडातून चांगलं बोलणं निघत नाही, रस्त्यातच संपते.

मग तिच्याच गळ्याला गाठ झाली. थायरॉइड. नागपूरला ऑपरेशन केलं. ती नस गाठीला इतकी चिकटून असते — डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, होते कधी कधी असं — कोणाची चूक नाही. आवाज गेला. म्हणजे पूर्ण नाही, फुसफुस राहिली, कोणी कागद चुरगाळावा तशी. शेजारच्या खोलीतून हाक मारली तर ऐकू यायची नाही, मग ती वाटी आपटायची. दोनदा आपटली म्हणजे चहा झाला. तीनदा म्हणजे या इकडे. असं अकरा वर्षं. ती कमी बोलायला लागली आणि मी — पाहतेच आहेस. घरात कोणीतरी बोललं पाहिजे ना.

नाही, आता नाही ती. दोन वर्षं झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मूलबाळ? नाही.

हा कागद? हा खिशातला? काही नाही, फॉर्म आहे. देहदानाचा. हसू येते मला — ह्या जिल्ह्यातले शेकडो फॉर्म मी भरून घेतले, व्याख्यानं दिली गावोगाव, वणीला तर माझा शाल देऊन सत्कार केला. आणि स्वतःचा अजून कोरा. हो, कोरा. ह्यात साक्षीदार म्हणून जवळचा नातेवाईक लागतो. माझा एकच होता आणि तो — ती — आता सही करायला येऊ शकत नाही. बरं कारण आहे ना? चांगलं टाइप केल्यासारखं कारण. पण ती होती तेव्हाही कोराच होता, त्याचं काय?

तिचा मात्र भरला मी. मीच. व्याख्यानं द्यायचो ना, लोक विचारायचे, साहेब, तुमच्या घरचं कोण दिलं? एका रविवारी फॉर्म ठेवला तिच्यापुढं, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली करून. ऑफिसात करायचो तसंच. तिनं पेन घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली — फुसफुसली — अहो, थंडी वाजन मले तिथं.

मला ऐकू आलं होतं. लोकांना मी सांगतो की तिनं हसत हसत सही केली म्हणून. तुला काहून सांगून राह्यलो कोणास ठाऊक. ऐकू आलं होतं मले, सुरभी, स्वच्छ. मी ऐकू न आल्यासारखं केलं. फुलीवर बोट ठेवलं. तिनं सही केली.

नाही, रडत नाही मी. हवा येते आतून.

आता तू हुशार आहेस, तुला कळलंच असेल मी सावलीसाठी बसत नाही. खिडकीमागं आता अंकुर आहे, मीच शिकवलेला पोरगा. गेल्या महिन्यात त्याला विचारलं — फक्त एवढं सांग, सत्यभामा आहे का अजून, टाकीतून बाहेर काढली का, कोणतं टेबल. तो उभा राहिला बिचारा, खुर्ची दिली, म्हणाला, सर, नातेवाइकांना सांगायचं नाही, आत देहाला नाव नसते, नंबर म्हणजे नंबर, तुम्हीच शिकवलं. बरोबर आहे. मीच शिकवलं. आर्णीचा एक पूनमसिंग म्हणून माणूस यायचा, त्याच्या मोठ्या भावाचा देह होता इथं. महिनाभर आला. ह्याच बाकावर बसायचा. मी खिडकीतून सांगायचो, भाऊ, नियम आहे, इथं आता भाऊ कोणाचा नाही. आणि आत वळून सहकाऱ्यांना म्हणायचो, लोकांना दान करता येते, सोडता येत नाही. काय वाक्य होतं! सगळे वा म्हणाले. शेवटच्या दिवशी तो भावासाठी एक शाल ठेवून गेला खिडकीत. मी ती शिपायाला देऊन टाकली.

तर ऐक. साजिद आहे ना, हॉलचा अटेंडंट, तो चहा पिता पिता बोलून गेला — यंदा सहा टेबलं, त्यात बाया दोन. मग त्यानं जीभ चावली. गेल्या वर्षी एकही नव्हती, म्हणजे ह्या वर्षी. आणि तुम्ही हातापासून सुरुवात करता, हे मला माहीत आहे, टाइमटेबल मीच काढायचो. म्हणजे ह्याच आठवड्यात कातडी निघेल हाताची, आणि मग कोणालाच ओळखू येणार नाही, मला आत सोडलं तरी. तुझ्या टेबलावर बाई आहे का गं बेटा? नको, सांगू नको. शपथ घेतली ना तुम्ही परवा, देहासमोर उभं राहून — ओळख विचारणार नाही, सांगणार नाही? त्या शपथेची मराठी माझीच आहे. दुसरा परिच्छेद. मी फक्त बोलतो, तू फक्त पाणी पी. डाव्या हातावर, आतल्या बाजूला, तुळस गोंदलेली. लहानपणी जत्रेत गोंदायला बसली आणि सुई लागली तशी रडत पळाली, म्हणून अर्धीच आहे. एका बाजूला चार पानं. दुसऱ्या बाजूला दोन पानं, आणि तिसऱ्याचे नुसते तीन ठिपके. मी तिला चिडवायचो, तुझं झाड अजून प्रलंबित आहे म्हणून. ती म्हणायची —

थांब. ती नस लिहिलीच नाहीस तू अजून. थांब, कोरं पान काढतो, मीच लिहून देतो, माझं अक्षर अजून... हे काय आहे?

हे समासात काय काढलंस? कंटाळा आला म्हणून? लेक्चरच्या वेळी?

चार पानं. इकडे दोन.

...

नाही. काही बोलू नको. तोंड बंद ठेव. तू काही सांगितलं नाहीस आणि मी काही पाहिलं नाही, नियम आहे. रडू नको वेडे, तुझी काय चूक, चित्र चांगलं काढलंस, ठिपके सुद्धा बरोबर तीनच. वही घे. पेन राहू दे माझ्याजवळ, उद्या घेऊन जाजो, आज मला एक सही करायची आहे. साक्षीदाराचं मी पाहतो, अंकुर काय कामाचा मग.

ऊठ. डोळे पूस. सबक्लेव्हियन कुठून जाते? — हाडाखालून. बरोबर. जा आता, हजेरी लागून राह्यली आत. आणि हे बघ, सुरभी — काम झालं की चादर नीट ओढत जा. खांद्यापर्यंत. पोरं घाईत अर्धवट टाकून निघून जातात, मी सत्तावीस वर्षं पाह्यलं.

तिले थंडी वाजते.

जा.